न पाझरणारी घागर

उन्हाळ्यात खानदेशात चालले आहे असं सांगलीत ज्याला ज्याला सांगितलं, त्याने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग माझ्या पांढऱ्या केसांकडे. शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर हातांना काहीतरी काम हवं म्हणून पुण्यात मातीची भांडी करण्याचा वर्ग केला. तिथे शिकवायला आलेली नसरीन निरोप घेताना सहज म्हणाली होती, उन्हाळ्यात या ताई, माती कशी वाळते ते तरी बघाल. लोक असं बोलतात ते समोरच्याने खरंच यावं म्हणून नव्हे, एवढं मलाही कळतं. पण आमंत्रण शब्दशः घेण्याची माझी खोड जुनी आहे, म्हणून गेले.

चाळीसगाव मागे पडलं आणि खिडकीतून वारा यायचा थांबून वाफ यायला लागली. जळगावला फलाटावर उतरले तर चार पावलांत उजव्या चपलेचा तळ सुटून मागे राहिला. हमाल म्हणाला, इथे बाहेरगावच्या चपला टिकत नाहीत, डिंक वितळतो. एका पायात चप्पल आणि एका पायात नुसते पट्टे अशा थाटात मी खानदेशात प्रवेश केला.

पिंप्राळा

नसरीनचं माहेर म्हणा, घर म्हणा, पिंप्राळ्यात आहे. वडिलांचा पत्र्याच्या पेट्या आणि कूलर बनवण्याचा धंदा. दिवसभर पत्रा ठोकून त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळं घर वरच्या पट्टीत बोलतं. मला भीती होती की पाहुणी म्हणून काहीतरी मिळमिळीत वाढतील. ताटात आली ती लालभडक तर्रीची शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आमच्याकडे तांबड्या रश्श्याचा आम्हाला भारी अभिमान. इथल्या दुसऱ्या घासाला माझं नाक वाहायला लागलं आणि अभिमान गेला. नसरीनच्या आईने न बोलता पुढ्यात गुळाचा खडा ठेवला.

वडील हसत म्हणाले, लोकांच्या पोरी शिकून डॉक्टर होतात, आमची बडोद्याला जाऊन शिकली आणि कुंभार होऊन आली. नसरीन चाळिशीची, लग्न न केलेली, बोलायला कमी. ती म्हणाली की कुंभार म्हणवून घेण्याची तिची लायकी नाही. कुंभाराचं चाक पोटासाठी फिरतं, तिचं हट्टासाठी. तिची भांडी पुण्यामुंबईच्या प्रदर्शनांत काचेआड ठेवली जातात आणि घेणारे त्यांत कधी पाणीसुद्धा ओतत नाहीत, हे सांगताना तिचा आवाज जरा कडू झाला.

सोनगीर

दुसऱ्या दिवशी तिच्या स्कूटरवरून नव्हे, नशिबाने एसटीने आम्ही धुळ्याला आणि तिथून सोनगीरला गेलो. किल्ल्याच्या पायथ्याशी, हायवेपासून जरा आत, तिची लांबलचक शेड आहे. पूर्वी तिथे तांब्यापितळेची भांडी ठोकत. आता एका टोकाला विजेचं चाक, दुसऱ्या टोकाला गॅसची भट्टी, मध्ये फळ्यांवर ओळीने कच्ची भांडी आणि कोपऱ्यात दोन खाटा. बाहेर केळीच्या वाळक्या खांबांचा ढीग होता. ते खांब जाळून ती राख करते, राखेत काही दगडांची पूड मिसळून भांड्यांना लेप देते, आणि भट्टीत त्या लेपाची हिरवट काच होते. केळीच्या राखेत पोटॅश भरपूर. मी आयुष्यभर फळ्यावर लिहिलेलं पोटॅश इथे एका सुरईवर चमकत होतं, याचा मला फार आनंद झाला.

काम पहाटेपासून ऊन तापेपर्यंत. मग दारं ओढून घ्यायची आणि पडून राहायचं. खानदेशात भुतांची वेळ रात्रीची नाही, दुपारची आहे, हे मला तिथे पहिल्याच दिवशी पटलं. बारा वाजले की कुत्रं हलत नाही, पाखरू बोलत नाही. हायवेवरचे ट्रकसुद्धा झाडाखाली निजतात. रस्ता पांढरा दिसतो आणि त्यावर कुणीतरी चालत येतंय असं वाटतं, मग तिथे कुणीच नसतं. अशा शांततेत मी खाटेवर पडले होते आणि शेडमध्ये कुठेतरी बारीक टिंग वाजलं. थोड्या वेळाने दुसरीकडून टिंग. मी उठून बसले.

नसरीनने डोळे न उघडताच सांगितलं की भट्टीतून नुकती निघालेली भांडी आहेत. काच आणि माती सारखी आक्रसत नाहीत, म्हणून वाजतात. थोडे दिवस बोलतात, मग गप्प होतात. कारण मला माहीतच होतं. तरी पुन्हा डोळा लागला नाही.

अशाच एका दुपारी दारात एक बाई उभी दिसली. कधी आली, दार कसं उघडलं, काही कळलं नाही. डोक्यावर गोणी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. गोणी उतरवून ती म्हणाली, "नालानी माटी शे. त्याच जागानी." एवढं अहिराणीत सांगून ती माठाजवळ बसली आणि दोन तांबे पाणी प्यायली.

ही सुमनअक्का. जवळच्याच एका खेड्यातली. तिची हकीकत तिने सांगितली आणि मला न कळलेली नसरीनने भरून काढली. अक्काचा मुलगा संजय कडेवर होता तेव्हाची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस, पण गावात ऊन पडलेलं. तिचा नवरा, ज्याला सगळं गाव नाना म्हणे, भर दुपारी नाल्यापलीकडच्या शेतात बैल बघायला निघाला. डोक्याला टोपी, कानात सोन्याची बारीक बाळी. नाला ओलांडायला त्याने चपला काढून काठावर ठेवल्या. वर कुठेतरी पाऊस झाला होता, लोंढा आला. चपला जागेवर राहिल्या, माणूस राहिला नाही. गावाने पार तापीपर्यंत शोध घेतला, काही सापडलं नाही. पुढे होळीला गावातला एक जण सुरतहून आला आणि म्हणाला, मी नानाला कापडाच्या गिरणीच्या फाटकात पाहिलं. हाक मारली तर वळून बघितलं आणि गर्दीत शिरला. मोठा झाल्यावर संजय फोटो घेऊन सुरतेला जाऊन आला. त्या फाटकात हजार माणसं होती.

इथे आखाजी समजून घेतली पाहिजे. अक्षय तृतीयेला इकडे आखाजी म्हणतात, आणि दिवाळीपेक्षा तिचा थाट मोठा. आमच्याकडे आमरस ओरपला की अक्षय तृतीया संपली. इथे त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी मातीची कोरी घागर पाण्याने भरून मांडतात. तोंडावर छोटं मडकं, त्यावर आंबा किंवा खरबूज. दुपारी झाकण काढून बघायचं. पाणी खाली गेलेलं असतं. पितर पाणी पिऊन गेले, म्हणून घर निवांत होतं.

अक्काच्या घरी सासऱ्याची घागर भरतात, सासूची भरतात, नानाची भरत नाहीत. तिने ते मला एका दमात सांगितलं. "संजयना बाप मरेल व्हई, त इतला वरीस बिनपानीना शे. अन् जित्ता व्हई, त घागर भरीसन मीच त्याले मारसू."

मेलेला असेल तर तहानलेला आहे, आणि जिवंत असेल तर घागर भरणं म्हणजे आपल्या हाताने त्याला मारणं. इतकी वर्षं ही बाई दर आखाजीला या दोहोंच्या मध्ये उभी होती.

मग ती नसरीनकडे का आली? मागच्या हिवाळ्यात ती शेडवर शेळीचं दूध द्यायला येत असे. टेबलावरच्या लेप दिलेल्या सुरईत पाणी होतं आणि खालची फळी कोरडी होती, हे तिने हेरलं. कुंभाराची घागर कुणाच्याही नावाने भरली तरी तिचं पाणी उतरतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "कुंभारनी घागर बठ्ठासनीच उतरस," ती म्हणाली. "मरेल कोन अन् जित्ता कोन, तिले काय समजस?" म्हणून तिला न पाझरणारी घागर हवी होती. तिच्यात पाणी उतरलं तर ते उन्हाने नव्हे, मातीने नव्हे, त्यानेच प्यायलं. नाही उतरलं तर तो जिवंत. आणि घागर त्याने जिथे चपला काढल्या तिथल्या मातीची हवी, म्हणजे त्याला ओळख पटेल.

मी चाळीस वर्षं मुलांना प्रयोग करायला शिकवलं. इतका नीट विचार केलेला प्रयोग एकाही पोराने करून दाखवला नव्हता.

ती गेल्यावर मी नसरीनला विचारलं की हे असलं काम घेतलंस कसं. ती गोणीतली ढेकळं टबात टाकत होती. म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे गरजेचं भांडं मागितलं, ताई."

चाळणी

माती थेट चाकावर जात नाही. आधी ढेकळं पाण्यात भिजत घालतात, ती फुटून खाली बसतात, मग तो चिखल बारीक चाळणीतून गाळतात. नुसती नाल्याची माती मोठ्या आचेला वितळून जाते, म्हणून नसरीन तिच्यात विकतची पांढरी माती मिसळणार होती. गाळण्याचं काम तिने माझ्याकडे दिलं.

टबात ढेकळांवर चार बोटं पाणी घातलं होतं. दुपारी पाहिलं तर ढेकळं उघडी. पुन्हा पाणी घातलं. सकाळी पुन्हा उघडी. टबाला भोक असेल म्हणून मी खाली हात फिरवला, फरशी कोरडी होती. नसरीन म्हणाली, एखादी माती जास्त पाणी पिते. मीही तसंच म्हटलं. पण तिसऱ्यांदा पाणी ओतताना आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

गाळायला बसले. चाळणीत उरत होते ते बारीक खडे, गवताच्या मुळ्या, शंखांचे तुकडे. मी ते चिमटीने उचलून बाजूला टाकत होते. बोटाला एक वाटोळं काहीतरी लागलं. मुळीचं वेटोळं असेल म्हणून टाकणार होते, पण ते जड होतं. पाण्यात धुतलं. करंगळीच्या नखाएवढी सोन्याची बाळी. सोनं मातीत कितीही राहिलं तरी काळं पडत नाही. ती आत्ता कुणी काढून ठेवल्यासारखी दिसत होती.

मी हाक मारली तेव्हा नसरीन भट्टी झाडत होती. तिने बाळी तळहातावर घेतली. मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता अक्काकडे जाऊ. तिने मान हलवली. बाळी आंघोळीत पडते, म्हणाली, कान ओघळून पडते, पाण्यातून पोहून बाहेर पडताना पडते. नाना तिथे पाण्यात होता, एवढंच ती सांगते. तो बाहेर निघाला की नाही, ते सांगत नाही.

"तिने घागरीला विचारलंय," ती म्हणाली. "आधी घागरीला बोलू दे."

मला राग आला. म्हटलं, तुझी घागर काय बोलणार ते तुला आजच माहीत आहे. तू ती न पाझरणारी करणार, पाणी उतरणार नाही, आणि ती बाई नवरा जिवंत आहे म्हणून पेढे वाटेल. मग ही बाळी कुठे ठेवणार आहेस? त्यावर ती म्हणाली की दुसरा मार्गही तिला माहीत आहे. भट्टी जरा आधी बंद केली, लेप जरा पातळ दिला, की घागर पाझरेल आणि अक्का सुटेल. रात्रभर तिच्या डोक्यात तेच चाललं असणार, सकाळी डोळे सुजलेले होते. चहा घेताना तिने सांगून टाकलं की खोटं भांडं तिच्याने भाजवणार नाही. बाळी तिने ओढणीच्या टोकाला बांधली.

मी पाहुणी होते, गप्प बसले. पण त्या दिवसापासून दुपारी एकटीने शेडमध्ये थांबायला मी तयार नव्हते.

घागर

एवढं मोठं भांडं एका दमात होत नाही. खालचं अर्धं आणि वरचं अर्धं वेगवेगळं चाकावर ओढून, जरा सुकून आवळल्यावर जोडतात. नसरीन चाकावर बसली की एरवी गुणगुणते. त्या दिवशी गप्प होती. घागरीचं पोट आकाराला आल्यावर तिने मला हात लावून बघायला सांगितलं. बाहेर पत्रा हाताला चटका देत होता आणि ती माती विहिरीच्या तळासारखी गार होती. ओली माती गारच लागते, पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, हे आठवीच्या पुस्तकात आहे. मी हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

घागर वाळायला ठेवली, आणि मधल्या काळात मी भटकून घेतलं. एका सकाळी किल्ल्यावर चढले. वर पडझड फार, पण वारा होता. खाली हायवे, त्यापलीकडे उजाड शेतं आणि शेतांतून गेलेली नाल्याची कोरडी वळणं दिसत होती. एका वळणावर कुणीतरी टोपीवाला वाकून काहीतरी काठावर ठेवत होता. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तिथे बाभळीचं खोड होतं. उतरताना पाय मुरगळला, आणि ढाब्यावर पाय वर करून बसून मी दोन ताटं शेवभाजी संपवली. भीतीने भूक मरते म्हणतात, माझी वाढते.

घागर आधी एकदा कच्ची भाजली, मग केळीच्या राखेचा लेप आतून-बाहेरून देऊन मोठ्या आचेला भाजली. भट्टी निवायला दोन दिवस. दार उघडलं, घागर अखंड निघाली. हिरवट करडी, गावठी आकाराची, आणि काचेसारखी नितळ. टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखी वाजली. नसरीनने तिच्यात गळ्यापर्यंत पाणी भरलं, पाण्याच्या कडेला पेन्सिलची खूण केली, तोंड झाकलं आणि कोरड्या वर्तमानपत्रावर उन्हात ठेवली. रोज बघत होतो. खूण हलली नाही, कागद ओला झाला नाही.

आणि एक गोष्ट. बाकीची भांडी भट्टीतून निघाल्यावर टिंगटिंग बोलतात म्हणून सांगितलं ना, ही बोलली नाही. पहिल्या दिवसापासून गप्पच होती.

आखाजी

आखाजीच्या सकाळी मात्र स्कूटर चुकली नाही. नसरीन पुढे, मी मागे, आणि मांडीवर फडक्यात गुंडाळलेली घागर. कच्च्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा माझ्या गुडघ्यांनी मोजला. गावात शिरलो तर प्रत्येक निंबाला झोके. माहेरी आलेल्या पोरी उभ्याने झोके घेत गाणी म्हणत होत्या, आणि पारावर म्हातारेसुद्धा राजरोस पत्ते कुटत बसले होते. आखाजीला पत्त्यांना मुभा असते म्हणे.

अक्काचं घर स्लॅबचं, साधं, अंगण सारवलेलं. सून चुलीवर उपडं खापर ठेवून हातावर पुरणपोळी मोठी करत होती, लाटणं-पोळपाट न वापरता, या हातावरून त्या हातावर, सुपाएवढी होईपर्यंत. मी बघतच राहिले. आमच्या पोळ्या त्यापुढे बाळपुऱ्या. भिंतीवर नानाचा फोटो होता, हार न घातलेला. टोपी, मिशी, आणि कानात ती बाळी. नसरीनने फोटो पाहिला आणि ओढणीचं टोक मुठीत धरलं.

मधल्या खोलीत गव्हाच्या राशींवर घागरी मांडल्या. सासऱ्याची लाल, सासूची लाल, आणि जरा अंतरावर आमची हिरवी. अक्काने स्वतः पाणी भरलं, काठोकाठ. छोटी मडकी ठेवली, वर आंबे. माझा पाय सुजलेला, म्हणून मला खुर्ची दिली ती नेमकी घागरींसमोर. अक्का म्हणाली, बाहेरगावच्या बाई आहेत, त्यांना ना तो मेलेला हवा ना जिवंत, त्या बघत बसतील. पाहुणचार म्हणून आलेली खुर्ची अशी साक्षीदाराची निघाली.

बाहेर झोके थांबले, कारण दुपार झाली. चुलीतल्या निखाऱ्यांवर संजयने गेलेल्यांचं नाव घेऊन पुरणपोळीचे घास टाकले, त्याला आगारी म्हणतात. आजोबांचं नाव घेतलं, आजीचं घेतलं. बापाचं नाव त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, पण ते त्याने घेतलं नाही. घरात धूर भरला. मी घागरींवरून नजर हलवली नाही. लाल घागरी घामेजल्या, त्यांच्या अंगावरून थेंब ओघळले, माश्या बसल्या. हिरवीवर माशीसुद्धा बसली नाही. एकदा तिच्या काचेत दाराचा उजेड हलला, कुणीतरी उंबऱ्यात आल्यासारखा. मी वळून पाहिलं तर सगळे चुलीपाशीच होते.

जेवणं झाली नाहीत, आधी झाकणं काढायची ठरली. सासऱ्याची घागर बोटभर उतरली होती, सासूचीही. मग अक्काने हिरव्या घागरीवरचा आंबा उचलला, मडकं उचललं. पाणी काठोकाठ होतं. जराही हललेलं नव्हतं.

घरात एकदम गलका झाला. सून रडायला लागली, संजय भिंतीला टेकून खाली बसला आणि हसत होता, शेजारची एक म्हातारी अक्काच्या पाठीवर थापा मारत होती. सुरतेला पुन्हा जायचं, या वेळी चार जणांनी जायचं, असं कुणीतरी बोललं. अक्का फक्त पाण्याकडे बघत होती. तिचा चेहरा पोरीसारखा झाला होता. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी नसरीनकडे पाहिलं.

नसरीनने ओढणीची गाठ सोडली आणि बाळी अक्काच्या हातावर ठेवली. "तुम्ही आणलेल्या मातीत निघाली," ती म्हणाली. "मी आधीच द्यायला हवी होती."

अक्काने बाळी उजेडात धरली, उलटी करून फाशाजवळ पाहिली. तिथे सांध्याचा एक बारीक डाग होता, लग्नात तुटली तेव्हा सोनाराने जोडून दिलेला. तिने पुन्हा घागरीकडे पाहिलं. मला वाटलं आता ती कोसळेल. ती कोसळली नाही. तिने त्या हिरव्या काचेवरून हात फिरवला, आत हात घालून आतून फिरवला, आणि हळू आवाजात म्हणाली, "हाई माटीनं तोंड बंद शे, माय. तो पेई कथाईन?"

तिच्या बोलण्याचा अर्थ कळायला मला क्षण लागला, आणि कळला तेव्हा अंगावर काटा आला. पितर घागरीच्या तोंडातून पीत नाहीत. ते मातीतून पितात. आम्ही लेप देऊन, भाजून, उन्हात तपासून त्या मातीची सगळी तोंडं बुजवली होती. तो आला होता आणि पाणी समोर असून त्याला पिता आलं नव्हतं. नसरीन पांढरीफटक पडली.

शेजारची म्हातारी रडत पुढे आली आणि अक्काच्या बांगड्यांकडे हात नेऊ लागली. अक्काने तो हात बाजूला केला. "ते मंग," ती म्हणाली. "पयले पानी."

पडवीत उन्हाळ्याच्या पाण्यासाठी घेतलेली कोरी लाल घागर होती. संजयने ती आणून राशीवर ठेवली. नसरीनने आपली हिरवी घागर उचलली आणि तिच्यातलं सगळं पाणी लाल घागरीत ओतलं. दोन्ही घागरी सारख्याच मापाच्या, पाणी काठाला आलं. आम्ही बघत होतो आणि ते खाली जायला लागलं. बोटभर, मग वीतभर. अक्काने तांब्याने पाणी घातलं, तेही गेलं. संजयने हंडा आणला, तो गेला. घागरीखालचे गहू मी हाताने चाचपून पाहिले, ते कोरडे होते.

कोरी घागर पहिल्यांदा पाणी पिते, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. किती पिते, याचाही मला अंदाज आहे. ती घागर त्याच्या पलीकडे गेली, आणि मग पुष्कळ पलीकडे गेली. बाहेरच्या पोरी झोक्यांवरून उतरून दारात आल्या, आत बघून परत गेल्या, आणि आपापल्या घरून भरलेले हंडे-कळश्या घेऊन आल्या. अंगणापर्यंत रांग लागली. संजय रडत होता आणि हंडे पुढे देत होता. निखाऱ्यांवर कुणीतरी न विसरता पुरणपोळीचा घास टाकला आणि या वेळी नाव घेतलं.

अक्का घागरीला धरून बसली होती, आजारी माणसाला पाणी पाजताना मानेखाली हात घालतात तशी. पाणी ओतता ओतता ती थांबली आणि घागरीशी वाकली. आत्तापर्यंत नवऱ्याबद्दल ती दुसऱ्यांपाशी बोलली होती. आता त्याच्याशीच बोलली.

"हळू प्या," ती म्हणाली. "ठसका लागी."

माझ्या मागच्या पोरीने कळशी पुढे केली. ती मी घेतली आणि अक्काच्या हातात दिली.